आंतरराष्ट्रीय हवामान कायदा: करारातली कलमे सर्वाधिक झळ बसणाऱ्या देशांत कशी उतरतात?

तळटीप (धागाकर्ता)

२३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलाबाबत राष्ट्रांची कर्तव्ये कोणती, यावरचे सल्लागार मत एकमताने दिले. त्यावर बरेच लिहून आले, पण बहुतेकांचा रोख बड्या उत्सर्जक देशांवर आता काय बंधन आले, याकडेच होता. या धाग्यात मला दुसरी बाजू चर्चेला घ्यायची आहे. ज्यांचे उत्सर्जन नगण्य आहे आणि झळ मात्र ज्यांना सर्वांत आधी बसते, त्या देशांच्या स्वतःच्या कारभाराला हा कायदा कसे वळण देतो? वानुआतू, फिजी, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, केनिया अशा देशांत कोणता कायदा संमत होतो, पैसा कोणत्या कामाकडे वळतो आणि नागरिकाला न्यायालयात काय मागता येते, यातले किती या करारांमुळे ठरते?

आधी करारांत नेमके काय लिहिले आहे ते पाहू, कारण चर्चा बऱ्याचदा तिथेच घसरते. १९९२ चा संयुक्त राष्ट्रांचा आराखडा करार ‘समान, पण भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व मांडतो, आणि हवामान बदलाची विशेष झळ बसणाऱ्या विकसनशील देशांना अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, खर्चासाठी विकसित देशांनी साहाय्य करावे, असे कर्तव्य त्याच्या चौथ्या कलमात आहे. १९९७ च्या क्योटो कराराने उत्सर्जनकपातीची उद्दिष्टे केवळ विकसित देशांवर घातली, त्यामुळे गरीब देशांच्या अंतर्गत धोरणावर त्याचा फारसा भार पडला नाही. २०१५ च्या पॅरिस कराराने ही मांडणी बदलली. आता प्रत्येक देशाने, मग तो कितीही लहान असो, दर पाच वर्षांनी आपले राष्ट्रीय निर्धारित योगदान, म्हणजे एनडीसी, कळवायचे असते. कलम ४ चा दुसरा परिच्छेद बारकाईने वाचण्यासारखा आहे. योगदान तयार करणे, कळवणे आणि ते कायम ठेवणे बंधनकारक आहे. ते गाठण्याच्या उद्देशाने देशांतर्गत उपाय योजणेही बंधनकारक आहे. मात्र जाहीर केलेले उद्दिष्ट गाठलेच पाहिजे, असे तिथे लिहिलेले नाही. अल्पविकसित देश आणि लहान द्वीपराष्ट्रे यांना त्याच कलमाने आपल्या परिस्थितीनुसार धोरण आखण्याची मोकळीक दिली आहे. कलम ७ अनुकूलनाच्या नियोजनाविषयी आहे. कलम १५ खालची अनुपालन समिती दंड करत नाही. देश कुठे अडला आहे हे पाहून त्याला पुढे सरकायला मदत करणे, एवढेच तिचे काम.

म्हणजे वानुआतूच्या राजधानीतल्या, पोर्ट व्हिलातल्या, किंवा काठमांडूतल्या मंत्रालयावर करार जे लादतो, ते मुख्यतः कार्यपद्धतीचे बंधन आहे. माझे म्हणणे असे की या बंधनाला जोर येतो तो देशातल्या एखाद्या संस्थेने, मग ती न्यायालय असो, संसद असो वा अर्थखाते, ते आपलेसे केले तर. तसे कोणी केले नाही तर कपाटात अहवालांची भर पडते आणि बंधारा होता तिथेच राहतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लाहोर उच्च न्यायालयातले आहे. पाकिस्तानने २०१२ मध्ये राष्ट्रीय हवामान बदल धोरण जाहीर केले आणि त्याच्या अंमलबजावणीचा २०१४ ते २०३० या काळासाठीचा आराखडाही तयार केला. पुढे काही होईना. पंजाबमधले शेतकरी अशगर लेघारी यांनी २०१५ मध्ये याचिका केली की ही दिरंगाई आपल्या जीविताच्या आणि प्रतिष्ठेच्या मूलभूत हक्कांवर घाला घालते. न्या. सय्यद मन्सूर अली शाह यांनी ते मान्य केले. प्रत्येक संबंधित खात्याने एक जबाबदार अधिकारी नेमावा, असा आदेश त्यांनी दिला आणि अंमलबजावणीवर देखरेखीसाठी आयोग स्थापन केला. २०१७ च्या सुरुवातीपर्यंत आराखड्यातल्या प्राधान्याच्या कामांपैकी ६६ टक्के पूर्ण झाल्याचे आयोगाने कळवले आणि त्याच वर्षी पाकिस्तानच्या संसदेने हवामान बदल कायदा केला. न्यायालयाने सरकारसमोर धरले ते सरकारचेच धोरण होते. तरी ते धोरण मुळात तयार का झाले, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय करारांच्या प्रक्रियेत सापडते, आणि निकालात हवामान न्याय व सावधगिरीचे तत्त्व (पूर्ण शास्त्रीय खात्री नसली तरी गंभीर हानी टाळण्याचे उपाय लांबवू नयेत) यांना जे स्थान मिळाले, ती भाषाही तिथूनच आलेली आहे.

नेपाळमध्येही असेच घडले. २०११ चे हवामान धोरण अंमलात येत नाही म्हणून एका वकिलाने याचिका केली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १९९७ च्या पर्यावरण कायद्यात हवामान बदलाची पुरेशी तरतूद नाही, तेव्हा नवा कायदा करावा. २०१९ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात हवामान बदलासाठी स्वतंत्र प्रकरण आले.

तुम्हाला माहीत असलेल्या इतर देशांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः जिथे कायदा कागदावरच राहिला, त्या ठिकाणी तो नेमका कशामुळे अडला, यावर लिहावे.

खारफुटी

धागा आवडला, पण न्यायालयांपासून सुरुवात केल्यामुळे पैशाचा मुद्दा मागे पडला आहे. माझ्या मते आंतरराष्ट्रीय कायदा गरीब देशांच्या धोरणाला सर्वांत जास्त वळण देतो तो वित्तपुरवठ्याच्या नियमांमधून.

बांगलादेशाची २०२१ ची सुधारित एनडीसी पाहा. तिच्यात उत्सर्जनाचे दोन आकडे आहेत. स्वतःच्या बळावर २०३० पर्यंत नेहमीच्या वाढीच्या तुलनेत ६.७३ टक्के कपात, आणि बाहेरून पैसा व तंत्रज्ञान मिळाले तर आणखी १५.१२ टक्के. म्हणजे राष्ट्रीय उद्दिष्टाचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग दुसऱ्याने आपला शब्द पाळण्यावर अवलंबून आहे. पॅरिस कराराच्या कलम ९ नुसार विकसित देशांनी वित्तसाहाय्य देणे बंधनकारक आहे, पण किती आणि कोणाला, हे कलम सांगत नाही. वर्षाला १०० अब्ज डॉलरचे आश्वासन २०२० पर्यंत पुरे व्हायचे होते, ते विकसित देशांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये पुरे झाले. २०२४ च्या बाकू हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचे नवे लक्ष्य ठरले. त्या वाटाघाटी चालू असताना द्वीपराष्ट्रांचे आणि अल्पविकसित देशांचे प्रतिनिधी एका बैठकीतून उठून बाहेर पडले होते. ज्यांच्या नावाने हा निधी उभा राहतो, त्यांचीच ही अवस्था आहे.

मिळणारा पैसाही ज्या वाटेने येतो, ती वाट देशाचे प्राधान्यक्रम बदलते. आराखडा कराराखाली स्थापन झालेल्या हरित हवामान निधीकडे थेट जायचे तर देशातल्या संस्थेला आधी मान्यता मिळवावी लागते. त्यासाठी लेखापरीक्षण, खरेदीचे नियम, पर्यावरणीय व सामाजिक सुरक्षेचे निकष, तक्रार निवारणाची यंत्रणा हे सारे कागदोपत्री सिद्ध करावे लागते, आणि त्यात वर्षे जातात. तोवर प्रकल्प मोठ्या बहुराष्ट्रीय विकास बँका किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांच्यामार्फत येतात आणि प्रस्तावाचा आकार त्यांच्या साच्यात बसवावा लागतो. थेट वाट पहिल्यांदा सेनेगलने चोखाळली. तिथल्या पर्यावरण निरीक्षण केंद्राला २०१० मध्ये अनुकूलन निधीची मान्यता मिळाली आणि रुफिस्क, साली व जोआल इथल्या किनाऱ्याची धूप रोखण्याचा सुमारे ८६ लाख डॉलरचा प्रकल्प त्या देशातल्या संस्थेने स्वतः राबवला. हा निधी क्योटो करारातून जन्मला आणि स्वच्छ विकास यंत्रणेतल्या, म्हणजे विकसनशील देशांतल्या उत्सर्जनकपातीचे श्रेय विकत घेण्याच्या, व्यवहारांतला दोन टक्के वाटा त्यात जमा होत असे, म्हणजे तो कोणाच्या मर्जीवर पूर्णपणे अवलंबून नव्हता. ही रचना मला आजही आदर्श वाटते आणि पुढच्या निधींनी ती का उचलली नाही, याचे वाईट वाटते.

नांगर

एक प्राथमिक शंका. आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली म्हणजे तो आपोआप देशाचा कायदा होतो का? आणि हेगच्या न्यायालयाचे मत जर सल्लागार स्वरूपाचे असेल, तर काठमांडू किंवा नैरोबीतल्या न्यायाधीशाने ते विचारात का घ्यावे?

तळटीप

नांगर, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देशादेशांत पद्धत वेगळी आहे. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतल्या कलम २ च्या सहाव्या उपकलमानुसार केनियाने अनुसमर्थन दिलेला, म्हणजे सहीनंतर रीतसर मंजूर केलेला, करार हा केनियाच्या कायद्याचा भाग होतो. नेपाळच्या १९९० च्या संधी (म्हणजे आंतरराष्ट्रीय करार) कायद्यातही तरतूद आहे की देशाने मान्य केलेल्या कराराशी देशाचा कायदा विसंगत असेल, तर त्या विसंगतीपुरता करार वरचढ ठरतो. याउलट पाकिस्तान, बांगलादेश किंवा ब्रिटिश परंपरेतली बरीच द्वीपराष्ट्रे इथे संसदेने कायदा केल्याखेरीज करार न्यायालयात थेट लागू होत नाही. तिथे वकील दुसरी वाट धरतात. राज्यघटनेतला जगण्याचा हक्क घ्यायचा आणि त्याचा अर्थ लावताना देशाने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कर्तव्यांचा आधार द्यायचा. लेघारी प्रकरण हे याच वाटेचे उदाहरण आहे.

केनियातले लामूचे प्रकरणही पाहण्यासारखे आहे. लामूच्या किनाऱ्यावर कोळशावर चालणारा सुमारे १,००० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा राहणार होता आणि त्याला २०१६ मध्ये पर्यावरणीय परवाना मिळाला होता. जून २०१९ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणाने तो रद्द केला. लोकांचा सहभाग नीट घेतला नाही, हे एक मोठे कारण. दुसरे असे की पर्यावरणीय आघाताच्या अहवालात केनियाच्या २०१६ च्या हवामान बदल कायद्याचा विचारच झाला नव्हता. तो कायदा पॅरिस करारानंतर काही महिन्यांतच झालेला. त्यामुळे करारातले एक सर्वसाधारण कर्तव्य एका विशिष्ट परवान्यापर्यंत कसे येऊन पोचते, याची साखळी इथे कडीकडीने दिसते.

आता सल्लागार मताविषयी. ते मत कोणत्याही देशावर निकालासारखे बंधनकारक नसते, हे खरे. पण न्यायालयाने त्यात सांगितलेला कायदा हा आधीपासून बंधनकारक असलेलाच कायदा असतो. न्यायालय त्याचा अर्थ अधिकारवाणीने सांगते. या मतातल्या तीन गोष्टी देशांतर्गत न्यायालयांना उपयोगी पडतील. एनडीसीत काय लिहायचे, याबाबत देशांना अनिर्बंध मोकळीक नाही. हवामानाला गंभीर हानी पोचू न देण्याचे कर्तव्य रूढीजन्य आंतरराष्ट्रीय कायद्यातही, म्हणजे देशांच्या प्रस्थापित वहिवाटीतून आलेल्या अलिखित कायद्यातही, आहे, त्यामुळे करारातून बाहेर पडलेला देशही त्यातून सुटत नाही. आणि खासगी कंपन्यांवर नियंत्रण ठेवण्यात सरकारने कसूर केली, तर ती कसूर सरकारचीच मानली जाते. याआधी २१ मे २०२४ रोजी हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाने हरितगृह वायू हे समुद्राचे प्रदूषण ठरते, असे मत दिले होते, आणि तो प्रश्नही लहान द्वीपराष्ट्रांच्या आयोगानेच विचारला होता.

दीपस्तंभ

तळटीप यांची मांडणी अभ्यासपूर्ण आहे, तरी मला तिच्यातला आशावाद पचत नाही. लाहोरच्या आयोगाचे काम संपल्याचे मानून न्यायालयाने तो २०१८ मध्ये विसर्जित केला. चार वर्षांनी, २०२२ च्या पुरात ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला, १,७०० हून अधिक माणसे गेली आणि हानी व नुकसान मिळून सुमारे ३० अब्ज डॉलरचा अंदाज निघाला. कायदा होता, धोरण होते, गाजलेला निकाल होता. सिंधमधल्या शेतातून पाणी मात्र महिनोनमहिने हलले नाही. त्यानंतर जानेवारी २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत नऊ अब्ज डॉलरहून जास्त आश्वासने मिळाली आणि त्यातला बहुतांश भाग कर्ज होता. ज्या देशाने हे संकट ओढवून घेतले नाही, त्यानेच ते निस्तरण्यासाठी व्याजाने पैसे काढायचे, यात समान पण भिन्न जबाबदाऱ्यांचे तत्त्व कुठे उरते?

माझा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. हवामानाच्या संकटातून जीव वाचवण्याचे सर्वांत मोठे यश ज्या देशाने मिळवले, त्याने ते कोणत्याही हवामान करारामुळे मिळवले नाही. १९७० च्या भोला चक्रीवादळात बांगलादेशाच्या, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, किनाऱ्यावर तीन लाखांहून अधिक माणसे मेली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९७२ मध्ये, तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. आज त्याचे ७५ हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत. ते झेंडे लावतात, कर्ण्यावरून इशारा देतात, घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवाऱ्यात नेतात. १९९१ च्या वादळात पुन्हा सव्वा लाखाहून अधिक बळी गेले, त्यानंतर निवारे वाढवले गेले. २००७ च्या सिद्र वादळातला आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता आणि २०२० च्या अंफानमध्ये बांगलादेशात तो काही डझनांवर आला. यामागे राजकीय इच्छाशक्ती, स्थानिक संघटन आणि दीर्घ अनुभव आहे. १९९२ चा करार झाला नसता, तरी हे झाले असते.

खारफुटी

दीपस्तंभ, पूर्वतयारीबाबत आपण लिहिले ते शंभर टक्के मान्य. पण त्या यशाची मर्यादा बघा. निवाऱ्यात माणूस वाचतो. त्याची खारावलेली जमीन, वाहून गेलेली गुरे आणि मोडलेले घर वाचत नाही. वादळ ओसरल्यावरचा खर्च दर वेळी त्याच कुटुंबाच्या अंगावर पडतो. बांगलादेशाच्या २०२३ ते २०५० या काळासाठीच्या राष्ट्रीय अनुकूलन योजनेचा अंदाजे खर्च २३० अब्ज डॉलर आहे. स्वयंसेवकांच्या बळावर हे भागणारे नाही. या देशाने २०१० मध्ये कायदा करून स्वतःच्या अर्थसंकल्पातून हवामान न्यासनिधी उभारला, हे विसरू नये. बाहेरचा पैसा येण्याची वाट न पाहता त्यांनी सुरुवात केली.

हानी आणि नुकसान, म्हणजे जुळवून घेऊनही न टळणारे हवामान बदलाचे तोटे, या विषयावर कायद्याची वाटचाल किती संथ आहे, तेही नोंदवतो. समुद्राची पातळी वाढून होणाऱ्या हानीसाठी आंतरराष्ट्रीय विमानिधी असावा, असा प्रस्ताव वानुआतूने द्वीपराष्ट्रांच्या संघटनेच्या वतीने १९९१ मध्ये मांडला होता. तो आराखडा करारात आला नाही. २०१३ मध्ये या विषयासाठी वॉर्सा यंत्रणा स्थापन झाली. पॅरिस कराराच्या कलम ८ ने विषयाला स्वतंत्र स्थान दिले, आणि त्याच वेळी पॅरिस परिषदेच्या ठरावातल्या ५१ व्या परिच्छेदाने जाहीर केले की या कलमातून दायित्व किंवा भरपाईचा आधार निर्माण होत नाही. हानी आणि नुकसान निधी स्थापण्याचा निर्णय व्हायला २०२२ ची शर्म अल शेख हवामान परिषद उजाडली. एप्रिल २०२५ मध्ये बार्बाडोसला झालेल्या बैठकीत निधीच्या मंडळाने सुरुवातीच्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातला किमान निम्मा वाटा अल्पविकसित देश आणि लहान द्वीपराष्ट्रांसाठी आहे, आणि मदत अनुदानरूपात आहे. पाकिस्तानच्या एका पुराच्या ३० अब्जांशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

तरीही मी या निधीला टाकाऊ म्हणणार नाही. अनुदान म्हणून, थेट देशाच्या अर्थखात्याला देता येईल अशा पद्धतीने पैसा द्यायचा, हे तत्त्व त्याच्या नियमांत आले, आणि त्यासाठी तीस वर्षे झगडावे लागले. शिवाय करारांच्या बाहेरही काही चांगले घडते आहे. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाने आपल्या सरकारी रोख्यांत चक्रीवादळाचे कलम घालून घेतले होते. २०२४ मध्ये बेरिल वादळाने कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या कलमानुसार देशाला कर्जफेड काही काळ पुढे ढकलता आली. आणीबाणीच्या क्षणी तिजोरीत पैसा राहिला, आणि तो कोणाची परवानगी न मागता राहिला.

नांगर

मला गावपातळीचे काय होते, हे महत्त्वाचे वाटते. नेपाळच्या २०११ च्या धोरणात म्हटले होते की हवामानासाठी आलेल्या निधीतला किमान ८० टक्के भाग प्रत्यक्ष क्षेत्रपातळीवर खर्च व्हावा. त्यासाठी स्थानिक अनुकूलन कृती योजनांची चौकटही तयार झाली होती. आंतरराष्ट्रीय करारात असा कोणताही आकडा नाही, तो नेपाळने स्वतःहून घातला. अशी अट देशाच्या कायद्यात असेल तर दात्यांशी बोलताना तिचा आधार घेता येतो.

पण फिलिपीन्सचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे २००९ मध्ये हवामान बदल कायदा झाला आणि २०१२ मध्ये तो दुरुस्त करून ‘पीपल्स सर्व्हायव्हल फंड’ स्थापन झाला, दरवर्षी किमान एक अब्ज पेसो, तेही स्थानिक शासनांसाठी. पैसा देशाचा, कायदा देशाचा, हेतू उत्तम. तरीही पहिली काही वर्षे निधीतला मोठा भाग पडून राहिला, कारण छोट्या नगरपालिकांना मागितला जाणारा वैज्ञानिक माहितीसह तपशीलवार प्रस्ताव लिहायला माणूसच नव्हता. म्हणजे खारफुटी यांनी हरित हवामान निधीबाबत जी अडचण सांगितली, तीच देशाच्या आत पुन्हा उभी राहिली. ज्या नगरपालिकेला सर्वांत जास्त गरज, तिच्याकडे अर्ज लिहायची ताकद सर्वांत कमी.

ध्रुवमत्स्य

आतापर्यंतच्या चर्चेत पॅसिफिक मागे राहिले, म्हणून फिजी आणि तुवालूविषयी लिहितो. या देशांनी कायदा नुसता स्वीकारला नाही, घडवलाही आहे. हेगला गेलेला प्रश्न २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूतल्या आवारात कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढे आणला. वानुआतू सरकारने तो उचलला आणि २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १३० हून अधिक देशांच्या सहप्रायोजकत्वाने एकमताने संमत केला. त्याच महिन्यात ज्युडी आणि केविन अशी दोन चक्रीवादळे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने त्या देशावरून गेली होती.

फिजीत कायद्याआधी गरज आली. वानुआ लेवू बेटावरचे वुनिदोगोलोआ हे गाव भरतीचे पाणी घरात शिरू लागल्यामुळे २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर हलवावे लागले. तेव्हा असे काम कोणत्या नियमाने करायचे, हे ठरलेले नव्हते. गाव हलवायचे म्हणजे नुसती घरे बांधायची नसतात. जमीन कुळाच्या सामायिक मालकीची असते, जुन्या जागेत पूर्वजांची थडगी असतात, आणि मासेमारीची जागा दूर पडते. या अनुभवातून २०१८ मध्ये नियोजित स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वे आली, २०१९ मध्ये स्थलांतरासाठी न्यासनिधीचा कायदा झाला आणि २०२१ च्या हवामान बदल कायद्याने हे सारे एका छत्राखाली आणले. म्हणजे इथे दीपस्तंभ यांचा मुद्दा आणि धागाकर्त्यांचा मुद्दा दोन्ही लागू पडतात. सुरुवात गावाच्या गरजेने झाली, पण ती पुढच्या गावासाठी नियम म्हणून टिकली ती कायद्यामुळे.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. समुद्राची पातळी वाढली, तरी फिजीच्या सागरी हद्दी कायम राहतील, असे ती सांगते. किनारा मागे सरकला की सागरी क्षेत्र मोजण्याची आधाररेषाही सरकते, असा अर्थ लावला असता तर या देशांचे माशांनी भरलेले अफाट आर्थिक क्षेत्र हातचे गेले असते, आणि काहींच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा मासेमारीच्या परवान्यांतून येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पॅसिफिक द्वीप मंचाने आधाररेषा न बदलण्याची सामूहिक घोषणा केली. तुवालूने २०२३ मध्ये नव्या राज्यघटनेत लिहून टाकले की भूमी गेली तरी राष्ट्र कायम राहील. आणि जुलै २०२५ च्या मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की एकदा नीट ठरवलेल्या आधाररेषा अद्ययावत करण्याचे बंधन देशांवर नाही, तसेच राष्ट्राच्या घटकांपैकी एक नाहीसा झाला म्हणून राष्ट्रत्व संपेलच असे नाही. इथे प्रवाह उलटा वाहिला. देशांनी आधी आपल्या कायद्यात लिहिले, शेजाऱ्यांनी दुजोरा दिला आणि जागतिक न्यायालयाने ते मान्य केले.

पण याची किंमतही मोजावी लागते. तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला फालेपिली करार ऑगस्ट २०२४ मध्ये अंमलात आला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याची वाट मिळते. २०२५ मधल्या पहिल्याच सोडतीत देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी नावे दिली. मात्र इतर कोणत्याही देशाशी संरक्षणविषयक करार करताना तुवालूला ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागेल, हेही त्याच कागदात आहे. बहुपक्षीय कायदा जिथे अपुरा पडतो, तिथे लहान देशाला अशा द्विपक्षीय सौद्यात उतरावे लागते, आणि तिथे त्याची सौदाशक्ती किती असणार?

दीपस्तंभ

ध्रुवमत्स्य, सागरी हद्दींचा मुद्दा मला पटला. तिथे कायद्याने खरोखर संपत्ती वाचवली आहे, आणि ती कोणाच्या निधीवाटपावर अवलंबून नाही.

माझा एक प्रश्न मात्र उरतो. हा कायदा झळ बसणाऱ्या देशांनाही बांधतो ना? दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचे उदाहरण घ्या. तिथली बहुसंख्य लोकवस्ती भरतीच्या पातळीखालच्या किनारपट्टीवर, समुद्रभिंतीच्या आडोशाने राहते. त्याच देशाने डिसेंबर २०१९ पासून खोल समुद्रातून तेल काढायला सुरुवात केली आणि त्याची अर्थव्यवस्था झपाट्याने वाढते आहे. जीवाश्म इंधनाचे उत्पादन, शोधाचे परवाने आणि अनुदाने हीसुद्धा कर्तव्यभंग ठरू शकतात, असे हेगच्या न्यायालयाने म्हटले आहे. मग हे बोट सर्वांत आधी कोणाकडे वळेल?

तळटीप

दीपस्तंभ, बांधतो. न्यायालयाने कोणालाही वगळलेले नाही. मात्र कसोटी सर्वांना सारखी नाही. यथोचित दक्षता, म्हणजे हानी टाळण्यासाठी घ्यायची रास्त काळजी, किती, हे देशाची ऐतिहासिक जबाबदारी, क्षमता आणि परिस्थिती पाहून ठरते. तेलावर दीडशे वर्षे श्रीमंत झालेल्या देशाने नवे परवाने देणे आणि गयानाने देणे, यांची तुलना त्या मापाने होईल. तरीही गयानाचा नागरिक आपल्या सरकारला विचारू शकतो की परवाना देताना उत्सर्जनाचा, जळणाऱ्या तेलाच्या उत्सर्जनासकट, हिशेब मांडला होता का, आणि तेलाच्या उत्पन्नातले किती किनाऱ्याच्या संरक्षणाला लावले. लामूच्या प्रकरणात अहवालाने हवामान कायद्याचा विचारच केला नव्हता, आणि परवाना जाण्याच्या कारणांपैकी ते एक होते.

दायित्वाबाबत आणखी एक. न्यायालयाने भरपाईचे दार उघडे ठेवले आहे, पण विशिष्ट देशाचे वर्तन आणि विशिष्ट हानी यांच्यात पुरेसा थेट कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल. हे सिद्ध करण्यासाठी हानीच्या विश्वसनीय नोंदी लागतात: कोणत्या वादळात किती जमीन खारावली, कोणती विहीर निकामी झाली, कोणते गाव कधी हलवले आणि त्याला किती खर्च आला. वानुआतूने २०२२ च्या सुधारित एनडीसीत हानी व नुकसानाचा भाग खर्चाच्या अंदाजासह घातला, तो मला यासाठी दूरदृष्टीचा वाटतो. पॅरिस कराराच्या पारदर्शकतेच्या नियमांनुसार देशांनी आपल्या हवामानविषयक कामाबद्दल द्यायच्या द्वैवार्षिक अहवालांची पहिली मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. लहान द्वीपराष्ट्रांना आणि अल्पविकसित देशांना ते आपल्या सोयीने देण्याची मुभा आहे, आणि मोजक्या माणसांच्या खात्यावर तो भार जड आहे, हेही खरे. पण जो देश या अहवालांत हानीच्या नोंदी दरवेळी, एकाच पद्धतीने ठेवत जाईल, त्याच्या वकिलाच्या हातात उद्या पुरावा असेल.

खारफुटी

यात एक भर. या नोंदी ठेवण्याचा खर्च हानी आणि नुकसान निधीतून मागता यावा, असा आग्रह या देशांनी मंडळाच्या पुढच्या बैठकांमध्ये धरायला हवा. सुरुवातीच्या टप्प्यात एका मागणीसाठी ५० लाख ते २ कोटी डॉलरची मर्यादा आहे. त्यातला थोडा भाग जिल्हा पातळीवर नोंदणीचे कर्मचारी नेमायला लावला, तर नांगर यांनी सांगितलेली प्रस्ताव लिहिण्याची अडचणही काही अंशी सुटेल, कारण तीच माणसे आणि तीच माहिती दोन्हीकडे लागते.